तिसऱ्या मजल्यावरचा स्विच काय म्हणाला

हॅलो?… हॅलो… हां, बोल ठमे.

घरीच आहे. पाय प्लास्टरमध्ये घालून बाई कुठे जाणार… नाही गं, झोपले नव्हते. प्लास्टरमध्ये विणायची सुई घालून खाजवत होते. तुझी आजी समोर बसलीय पहाऱ्याला, सुई आत अडकेल म्हणून…

रडतेयस का?… सर्दी? बरं, सर्दी. नाक पुस आणि सांग… सावकाश. सगळं हॉस्पिटल एका दमात माझ्या अंगावर ओतू नकोस.

हं… हं… तिसरा मजला. कधी?… काल सकाळी अकराला. फोन गेले, पेशंटच्या बेलचा बोर्डही गेला… चाळीस मिनिटं? कुणाला काही झालं नाही ना?… नक्की?… बरं. सिस्टर दारादारात उभ्या राहिल्या… राहणारच. त्यांच्याच जिवावर चालतं ते हॉस्पिटल, माझ्या वेळेपासून.

आणि आळ कुणावर आलाय?

… तारकाकांवर?

थांब. थांब जरा, उशी सरकली… हं. परत सांग. कोण म्हणालं?… साहेब. काय म्हणाले, त्यांच्या शब्दांत सांग… ‘वायरमनने कपाटात हात घातला आणि काहीतरी उपटलं.’ उपटलं? हाच शब्द?…

अगं, त्या माणसाने मला तार कशी धरायची ते शिकवलं. मी नोकरीला लागले तेव्हा साहेब शाळेत असतील. हॉस्पिटलातली कुठली तार कुठून निघते आणि कुठे जाते, ते झोपेतून उठवून विचार, सांगतील. ते काही उपटत नाहीत…

बैठक कधी?… आज तीनला. आणि तिथे काय होणार?… ‘उद्यापासून येऊ नका.’ एकतीस वर्षांनी.

आई, घड्याळ बघ गं… एक चाळीस. मग पुष्कळ वेळ आहे.

चेष्टा नाही करत. ऐंशी मिनिटं आहेत. ऐंशी मिनिटांत मी एकदा ठरलेलं लग्न मोडून घरी परत आले होते, विचार तुझ्या आजीला… हो, आईलाही ते आठवतंय, तिचा चेहराच सांगतोय.

आता पहिल्यापासून. सोमवारी तू काय केलंस?… प्रोग्राम चालवलास. बेचाळीस स्विच, सगळ्यांना एकच बदल. फोन नव्या गटात टाकायचे… बरोबर. म्हणजे प्रोग्राम एकेका स्विचमध्ये शिरला, बदल सांगितला, सेव्ह कर म्हणाला आणि बाहेर पडला. शेवटी स्क्रीनवर काय आलं?… ‘बेचाळीसपैकी बेचाळीस यशस्वी.’

काय गं आई?… नाही, दिव्याचं बटण नाही. हा स्विच म्हणजे पेटी असते, भिंतीतल्या कपाटात. मजल्यावरच्या सगळ्या फोनच्या, कॉम्प्युटरच्या तारा तिच्यात येतात… हो, तसंच समज. आणि तुझी नात बेचाळीस पेट्यांपाशी जाऊन एकेकीला सांगत बसत नाही, प्रोग्रामकडून सांगवते… हुशार आहेच. मावशीवर गेलीय.

तुझी आजी म्हणतेय हुशार आहेस. पुढे बोल.

काकांनी नेमकं काय केलं?… स्विचचा प्लग काढून दुसऱ्या बोर्डात लावला. एवढंच?… मग स्विच बंद होऊन परत चालू झाला. त्याने काय बिघडतंय. वीज गेली तरी हेच होतं…

एक सांग. सोमवारी आणि मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरचे फोन चालू होते?… छान चालू होते. आणि काल प्लग काढून लावला, की गेले… आणि तू हाताने परत बदल टाकलास, की आले… हं.

थांब, यात मला कसला तरी वास येतोय.

अगं ऐक ना. स्विचला काही सांगितलं की तो ते डोक्यात ठेवतो. सेव्ह कर म्हटलं की वहीत उतरवून घेतो. प्लग काढला की डोक्यातलं सगळं जातं, वहीतलं राहतं. दोन दिवस फोन चालले, म्हणजे डोक्यात होतं. प्लग काढल्यावर गेले, म्हणजे वहीत नव्हतं… हो, माहीतच आहे तुला, मीच शिकवलंय. पण कालपासून कुणाच्या डोक्यात आलं का?… नाही ना. कारण सगळे ‘कुणी उपटलं’ ते शोधत बसलेत.

सेव्ह झालंय? कोण म्हणतं?… प्रोग्राम म्हणतो. प्रोग्रामचं सोड. स्विच काय म्हणाला?

काय म्हणजे काय? प्रोग्रामने ‘सेव्ह कर’ म्हटल्यावर स्विचने काहीतरी उत्तर दिलं असेल ना. ते काय होतं?… माहीत नाही. लॉग आहे, नोंदींची फाईल?… आहे. मग एवढी काय घाबरतेस. उघड. तिसऱ्या मजल्याचा भाग काढ आणि वाच. इंग्रजी वाचू नकोस, अर्थ सांग, इथे आजीही ऐकतेय…

‘जोडलं.’ हं. ‘बदल पाठवला.’ हं. ‘सेव्ह पाठवलं.’ ‘बाहेर पडलो.’ ‘यशस्वी’… आणि मधे?… मधे काही नाही?… स्विचची एकही ओळ नाही?

ठमे, हा तर माझ्या नवऱ्यासारखा निघाला. सांगून मोकळा. समोरच्याने हो म्हटलं की नाही, त्याच्याशी देणंघेणं नाही, आणि वर सगळ्यांना सांगत फिरायचं की मी बायकोला विचारलं होतं… नाही, तो ऐकत नाहीये, बँकेत गेलाय. असता तरी ऐकलं नसतं.

हा लॉग अर्धाच आहे. प्रोग्राम काय बोलला तेवढंच यात आहे. आपल्याला दोघांचं बोलणं हवंय, अक्षरन्‌अक्षर. सोय असते तशी. सेशन लॉग म्हणतात. चालू केलं की जे जातं आणि जे येतं ते सगळं एका फाईलमध्ये उतरतं… एका ओळीचं काम आहे.

अजिबात नाही. वॉर्डातल्या स्विचला हात लावायचा नाही आता. चालू मजल्यावर प्रयोग केलेस तर तुझी नोकरी पहिली जाईल, आणि ती जायलाच हवी. स्टोअरमध्ये सुटा स्विच आहे का, तिसऱ्या मजल्यावर आहे त्याच जातीचा?… खोक्यात आहे? मग त्याला बाहेर काढ. जा… हो, मी आहे फोनवर. पळू नकोस, त्या स्टोअरच्या उंबऱ्याला मी दोनदा आपटलेय…

आई, पाणी दे ना जरा… रडत नाहीये ती, सर्दी झालीय… बरं, रडतेय. पण आता थांबली.

पोचलीस?… कोण आहे तिथे?… कुणी नाही, मग स्पीकरवर टाक आणि दोन्ही हातांनी काम कर. प्लग लाव. लॅपटॉपची तार लाव… पंख्याचा आवाज येऊ दे… आला. मला इथे ऐकू येतोय. काय बरं वाटलं तो आवाज ऐकून. तीन आठवडे या घरात मिक्सरशिवाय काही गुरगुरलं नाही.

तोवर एक विचारते. काकांची वही कुणी बघितली का?

… अगं, वही. निळ्या पुठ्ठ्याची, वरच्या खिशातली. दोन रकाने. डावीकडे ते काय विचारतात, उजवीकडे समोरचा काय म्हणाला, कोण म्हणालं, किती वाजता. माझ्यासमोर अशा चाळीस वह्या भरल्या असतील. प्लग काढायच्या आधी त्यांनी कुणालातरी विचारलं असणारच. ते विचारल्याशिवाय खिळा काढत नाहीत…

हॅलो?… ऐकू येतंय का?… बरं. वहीचं नंतर. चालू झाला का स्विच?

आता प्रोग्राम उघड. स्विचला जोडतो ती जागा काढ. तिथे एक ओळ घाल, सेशन लॉग, बरोबर, आणि फाईलचं नाव दे. काहीही दे. ‘मावशी’ दे… नाही, स्विचच्या यादीत फक्त हा एकच ठेव. एकच. दोनदा बघ… तीनदा बघ. खोड बाकीचे बेचाळीस. मूळ यादी ठेवलीस ना बाजूला?… शाब्बास. चालव.

…

काय आलं?… ‘एकपैकी एक यशस्वी.’ वा. किती आनंदी प्रोग्राम आहे हा. आता फाईल उघड.

रिकामी?… कशी असेल रिकामी. कुठल्या फोल्डरमध्ये बघतेस?… तारीख काय तिची?… मार्च? मग ती कसली आजची असेल बाई. आजची शोध… सापडली. वाच. अगदी सावकाश, आणि कोण बोलतंय ते सांगत जा.

प्रोग्राम म्हणतो, बदल घे. स्विच म्हणतो, घेतला… प्रोग्राम म्हणतो, सेव्ह कर. आणि स्विच?…

परत वाच.

‘आधीची फाईल आहे. तिच्यावर लिहू का? हो की नाही?’

आई, ऐकलंस? त्याने विचारलं… मग, ठमे, प्रोग्राम काय म्हणाला?… ‘बाहेर पडतो.’ आणि स्विच?… ‘सेव्ह रद्द.’

…

हो. हेच. बिचारा विचारत होता, आणि आपला शहाणा निघूनसुद्धा गेला होता. आणि बाहेर येऊन सांगितलं काय, यशस्वी.

कुणी काही उपटलेलं नाही. स्विचच्या वहीत लिहिलंच गेलं नव्हतं, काकांनी प्लग काढला नसता तर पुढच्या महिन्यात वीज गेल्यावर हेच झालं असतं. रात्री झालं असतं तर?… हो, रड आता, आता चालेल. दोन मिनिटं रड.

झालं? बाकीचे स्विच जुने ना?… म्हणून ते विचारत नाहीत, मुकाट्याने लिहून घेतात. नवे विचारून लिहितात. नवे किती आहेत?… पाच. कुठेकुठे?… तिसरा मजला, तपासणीची खोली, औषधांचं दुकान… आणि?… आयसीयू.

आयसीयूत दोन.

बरं, ऐक. घाबरायचं नाही, पण हे बैठकीच्या आधी. वरिष्ठ इंजिनिअरला आत्ता गाठ, ही फाईल दाखव, आणि त्यांच्यासमोर पाचही स्विच हाताने सेव्ह कर. हाताने. तो विचारेल, तू ‘हो’ म्हण, आणि ‘सेव्ह झालं’ असं तो म्हणेपर्यंत हलू नकोस. मग बाहेर ये… दहा मिनिटांचं काम आहे. आणि ती फाईल कुणाला पाठवायच्या आधी वरून खालपर्यंत बघ, त्यात पासवर्ड उतरला असेल. तो पुसल्याशिवाय पाठवायची नाही. अक्षरन्‌अक्षर म्हणजे अक्षरन्‌अक्षर, गुपितंही येतात.

आणखी एक. प्रोग्राम उत्तरासाठी थांबत का नाही, ते बघून ठेव. साहेब विचारतील. वर शोध, कुणीतरी मुद्दाम बंद केलं असणार. कुणा गाढवाला घाई झाली असेल… सापडली ओळ?… ‘उत्तराची वाट बघू नको.’ बघ, म्हटलं नव्हतं? असल्या माणसांना कीबोर्डला हात लावू देऊ नये. शेजारी काही लिहिलंय का, का केलं वगैरे?

… लिहिलंय. वाच मग.

काय झालं?… वाच ना. वाचायला काय होतंय?

‘स्विच फार हळू उत्तर देतात. वाट बघणं बंद. लॉगही फक्त पाठवलेल्याचा ठेवला, डिस्क भरते.’ … हं. तारीख?… सात वर्षांपूर्वीची.

आणि नाव?

ठमे, नाव काय आहे?

…

हं.

नाही, आहे मी. आई, काही नाही, ठीक आहे… आठवतंय मला. पावणेसहा वाजले होते, प्रोग्राम अर्धा तास घेत होता, आणि मला घरी जायचं होतं. त्या वेळचे स्विच काही विचारत नव्हते, मला वाटलं चालेल. चाललं. सात वर्षं चाललं.

असं बोलू नकोस. ‘तुला काय माहीत नवे येणार’ वगैरे नको. स्विच बोलत होता आणि मी त्याचं ऐकणं बंद करून ठेवलं, आणि तुला तो प्रोग्राम देताना छातीठोकपणे म्हणाले, माझा आहे, डोळे मिटून चालव. म्हणाले होते ना?… म्हणालेच होते. तू डोळे मिटून चालवलास. चूक माझी आहे. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण त्याचं काय करायचं ते मला माहीत आहे. साहेबांना मी सांगणार. तीन वाजता त्यांच्या टेबलावरचा फोन वाजेल, तो मी असेन. नंबर अजून पाठ आहे.

मग आता काय उरलं? आता तरी हलकं वाटतंय का?…

नाही वाटत?

बोल. मघाशी वहीचं काढलं तेव्हाही तू अशीच गप्प झालीस… मी ऐकतेय. आज मी उत्तराची वाट बघायला शिकलेय.

… तुलाच विचारलं होतं. काकांनी. फोन करून… ‘प्लग काढू का?’ आणि तू म्हणालीस, काढा.

त्यात काय चुकलं? सेव्ह झालंय असं वाटत होतं तुला, मीही म्हणाले असते… अच्छा. साहेबांनी विचारलं, कुणाला विचारून काढलास. तेव्हा तू तिथेच होतीस.

आणि गप्प बसलीस.

… आणि काका?… त्यांनी खिशाला हात लावला. वही काढत होते. मग तुझ्याकडे बघितलं… आणि हात खाली घेतला. आणि म्हणाले काय?… ‘माझ्या हातून झालं असेल.’ असं म्हणाले?

आई, पदर नाही, रुमाल दे… डोळ्यांना काही झालेलं नाही.

ठमे, नीट ऐक. हे वाईट केलंस. ओळ लिहिताना मला माहीत नव्हतं काय होईल, तुला काल सगळं समोर दिसत होतं. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतेय. आणि हेही सांगते, दोन वाजून गेलेत फक्त. तीन वाजलेले नाहीत. तुला अजून बोलता येतं.

कसं म्हणजे? तोंडाने. ‘काकांनी मला विचारलं होतं आणि मी काढा म्हणाले.’ एवढंच. म्हणून दाखव मला… मोठ्याने. स्टोअरमध्ये खोकी आहेत, ती कुणाला सांगत नाहीत… परत… हां. आवाज थरथरला तरी चालतो, वाक्य पूर्ण झालं पाहिजे.

जा आता. आधी आयसीयू. फोन चालू ठेवतेस? ठेव. मी बोलत नाही.

… … …

हो, आई, अजून चालूच आहे… ऐक, तिकडे वरिष्ठ इंजिनिअर आहेत… गप्प बस ना जरा, मला स्विच ऐकायचाय…

झाले? पाचही?… ‘सेव्ह झालं’ असं त्याने स्वतः म्हटलं?… आयसीयूतले दोन्ही?… वा. वा गं माझी बाई.

आता कुठे आहेस?… साहेबांच्या खोलीबाहेर. कोण आलंय?… काका? बाकावर बसलेत?… मग मला काय सांगतेस, त्यांना सांग. साहेबांच्या आधी त्यांना. फोन बाजूला धर, मी ऐकत नाही…

थोडं ऐकलं. माफ कर.

दे त्यांना फोन. दे.

काका?… नमस्कार. मी… हो, मीच. पाय बरा आहे. स्टुलावर चढले होते… पडायचंच होतं, स्टूल डगमगतंय हे माहीत होतं मला. काका, ते जाऊ दे. पोरीने सांगितलं ना सगळं?… सांगितलं. आता माझं ऐका. तो प्रोग्राम मी लिहिलाय. मुळातली चूक माझी आहे… नाही, तुम्ही ‘जाऊ दे’ म्हणू नका. तुम्ही म्हणाल आणि ते खरंच जाईल.

वही आहे ना खिशात?… काढा. आजचं पान. डाव्या रकान्यात लिहा, ‘तिसरा मजला कुणामुळे बंद पडला?’… लिहिलंत? उजवीकडे माझं नाव. पूर्ण लिहा, सासरचं आडनाव घालून. आणि मी काय म्हणाले तेही, जसंच्या तसं.

वेळ?… आई, घड्याळ… दोन सत्तावन्न.

वाचून दाखवा बरं एकदा…

हं. बरोबर आहे.

आत बोलावतायत? जा, काका. वही हातातच ठेवा. आणि तिला पुढे जाऊ द्या… ठेवा फोन, मला साहेबांचा नंबर लावायचाय.